उन्हाला दिलेली भिंत

लोकांच्या घरांना रंग सुचवणं, हे तिचं काम. जेवणाच्या खोलीत तांबूस छटा असली की माणसं ताटावर रेंगाळतात, निजायच्या खोलीत निळा असला की जीव खाली बसतो, हे ती इतक्या मायेने समजावून सांगायची, की कीर्तनाला बसल्यासारखी गिऱ्हाइकं माना डोलवायची. आणि तिचे सल्ले फळायचेही. तिच्या स्वतःच्या घरात मात्र एक माणूस असा येऊन राहिला होता, ज्याच्यावर कोणत्याच रंगाची मात्रा चालेना. ते तिचे बाबा.

आई गेली, आणि मागे एकटे राहिलेले बाबा जिन्यावरून घसरले. हाड मोडलं नाही, ही देवाची कृपा. पण लेकीचा धीर सुटला आणि ती त्यांना घेऊन आली. "थोडे दिवस राहून बघतो," एवढंच बाबा म्हणाले. बॅग पलंगाखाली सरकवली. रोज लागतील ते कपडे त्यातून काढायचे, धुऊन वाळले की घडी करून पुन्हा त्यातच ठेवायचे. कपाट रिकामंच. जुन्या घराची किल्ली सदऱ्याच्या खिशात.

लेकीने त्यांची खोली आकाशी करून घेतली. बाबा दाराबाहेर चपलांच्या कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसू लागले.

"बाबा, शेजारी विचारतात, नवीन वॉचमन कुठून आणलात?" जावई म्हणाला.

"पगार ठरवा, मग शिट्टीही वाजवतो," बाबा म्हणाले आणि बसूनच राहिले.

मग तिने भिंती पोपटी केल्या, अगदी फिकट, कोवळ्या पालवीसारख्या. बाबांनी चारी बाजूंना पाहिलं. "छान आहे," ते म्हणाले, दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम बघताना म्हणतात तसं.

"खरं सांगा ना."

"दवाखान्यात असल्यासारखं वाटतं गं. चांगल्या दवाखान्यात हं. तू मनाला लावून घेऊ नकोस." मग म्हणाले, "मी म्हणतो, आता जावं परत. पाय बरा आहे."

त्या पायाला तो जिना पुन्हा चढायचा होता, आणि वर दार उघडायला कोणी नव्हतं. रात्री भांडी आवरताना लेकीच्या मनात आलं, आपण जगाला रंग विचारतो आणि बापालाच विचारला नाही. त्यांच्या जुन्या खोलीच्या भिंती पिवळ्या होत्या. आई खिडकीशी बसून काहीतरी गुणगुणत शिवायची, बाबा समोर पेपर वाचायचे, आणि तो पिवळा दोघांच्या मागे असायचा. तोच रंग हवा!

काहीतरी निमित्त सांगून तिने बाबांकडून किल्ली मागून घेतली. जुन्या खोलीत भिंत कुठे फिकी, कुठे डागाळलेली. पण नमुना घ्यायचा तो ऊन न लागलेल्या जागेचा, हा तिच्या धंद्यातला पहिला नियम. तिने कपाट ओढून पुढे घेतलं. मागे रंग जसाच्या तसा, काल लावल्यासारखा. तिला भरून आलं. नखाएवढा पोपडा काढून तिने रुमालात बांधला. दुकानातल्या मशीनने हुबेहूब तोच रंग कालवून दिला.

रंगाऱ्याने काम संपवलं तेव्हा ती बाबांचा हात धरून त्यांना आत घेऊन आली. बाबा उंबऱ्यातच थबकले. पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"हा कोणाच्या घरचा?"

"आपल्याच! कपाटामागून नमुना आणलाय, बाबा."

बाबा पलंगावर बसले आणि हसू लागले. हसता हसता डोळे पुसले. "अगं, हा रंग लावला ना, त्या दिवशी तुझी आई रडली होती. मीच आणलेला. म्हणाली, 'हा रंग आहे की भांडण?' दुसरा लावून देतो म्हटलं, तर म्हणाली, 'राहू दे. ऊन आणील त्याला ताळ्यावर.' आणि रोज सकाळी उठून खिडकीचा पडदा बाजूला करायची. ऊन भिंतीवर यायचं. किती वर्षं गेली देव जाणे. एकदा पेपरातून मान वर केली, तर भिंत अशी निवलेली, मऊ. तिला म्हटलं, आला गं ताळ्यावर. तर म्हणते कशी, 'कोण, तुम्ही?'"

आईचा तो निवलेला रंग कुठल्या डब्यात मिळणार होता?

बाबा उठून भिंतीपाशी गेले. तळहात ठेवला. "हाही येईल की. इथे सकाळचं ऊन असतं ना?"

"काळजीच सोडा, काका!" ब्रश धूत असलेला रंगारी न्हाणीघरातून ओरडला. "कितीही ऊन लागू दे, या रंगाला काही होत नाही. कंपनीची हमी आहे!"

बाबांचा हात भिंतीवरून खाली आला. "होत नाही?"

तो चेहरा बघून लेक गर्रकन वळली. "दादा, हा खरवडून काढा. पूर्वीचा साधा, पाण्यात कालवायचा डिस्टेंपर मिळतो ना? तो लावा. हाच पिवळा."

रंगाऱ्याने कपाळावर हात मारला. "ताई, तो उडतो!"

"म्हणूनच."

"जन्मात पहिल्यांदा कोणी उडणारा रंग मागितला. उद्या गळका नळ मागाल. माझं नाव सांगू नका कोणाला."

तरी त्याने लावला, पुटपुटत, पण हात मन लावून फिरवत. भिंत वाळली ती तशीच भांडखोर पिवळी. लेकीने खिडकीचा जाड पडदा काढून टाकला. इतकी वर्षं ती लोकांना उन्हापासून भिंती जपायला सांगत आली होती.

"कपाट त्या भिंतीला लाव," बाबा म्हणाले. "मागे थोडा आहे तसा राहू दे. नाहीतर किती निवला ते कळायचं कसं?"

दोघांनी मिळून ते सरकवलं. रिकामंच होतं, एका धक्क्यात हललं.

"फारच हलकं आहे," बाबा म्हणाले. "कोणीही सरकवेल." मग खाली वाकून त्यांनी पलंगाखालची बॅग ओढली आणि एकेक सदरा काढून फळीवर ठेवायला सुरुवात केली. ती मदतीला वाकली, तर म्हणाले, "राहू दे, मला येतं."

सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा दाराबाहेरची खुर्ची खोलीत आली होती, खिडकीशी. ऊन भिंतीवर पसरलं होतं. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी ठेवलेली. ती त्या खुर्चीत बसणार होती, पण न बसता पलंगाच्या कडेला टेकली.

"किती वर्षं लागतील हो बाबा?"

बाबा भिंतीकडेच बघत होते. "तुझ्या आईने कधी मोजली नाहीत," ते म्हणाले, आणि ऊन अडू नये म्हणून त्यांनी आपली खुर्ची जराशी बाजूला घेतली.