पाठमोरी खुर्ची

मावशीला खुर्चीत चैन पडेना. कधी चष्मा पूस, कधी पायावरचा पाय बदल, कधी उगीचच खाकर. नियम तिला पाठ होता: चाचणी चालू असताना मदतनिसाने खोलीत बसायचं, बोलायचं मात्र नाही. म्हणजे हाताची घडी, तोंडावर बोट, आणि तेही पन्नाशीच्या बाईने!

आदिवासी वस्तीतल्या पोरांना शाळेत सांभाळून घ्यायला तिची नेमणूक झाली होती. तीही त्याच वस्तीतली. समोर बसलेली आठ वर्षांची भिंगरी तिच्या शेजारणीची नात. घरी या पोरीचं तोंड क्षणभर बंद नसायचं, इथे मात्र ती मूग गिळून बसली होती.

परीक्षक माणूस वाईट नव्हता. एकेक कार्ड समोर धरून तो गोडीने विचारत होता, "हे काय आहे, बाळ?"

कार्डावर बदक. भिंगरीने बदकाकडे पाहिलं, परीक्षकाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याने तक्त्यात फुली मारली. अकरावी. वीस झाल्या की पोरीची रवानगी मागच्या वर्गात. मागचा वर्ग म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे रंगीत खडू मिळायचे, पुस्तकं मिळायची नाहीत, आणि तिथून पुढे आलेलं मूल कुणी पाहिलं नव्हतं. मावशीने त्या खोलीत सात वर्षं काढली होती, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. वाचायला ती शिकली लग्नानंतर, नवऱ्याकडून.

बारावी फुली पडली. बोलणाऱ्याचे कुळीथ विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत. अगं, बोल की कार्टे! दारात एवढं बजावलं होतं, की मोठ्या माणसाचा मान राख.

आणि तिथेच ती चरकली. बजावलं होतं ते घरच्या बोलीत, आणि त्या बोलीत 'मान राख' आणि 'गप्प बस' यांना एकच शब्द. पोरीच्या तोंडाला कुलूप घातलं ते मावशीनेच! त्यात वस्तीची रीत अशी, की प्रश्न विचारायचा तो स्वतःला माहीत नसलेल्याच गोष्टीचा. डोळ्यांपुढचं बदक मोठ्या माणसाला 'बदक' म्हणून सांगायचं म्हणजे त्याला वेड्यात काढायचं. शहाणी पोर ते कसं करणार?

मावशी ताडकन उठली. "साहेब, थांबा."

"मावशी, तुम्ही बोलायचं नाही. चाचणी बाद होईल."

"होऊ दे बाद! नाहीतरी फुल्याच मारताय. खुर्ची फिरवा आणि तिच्याकडे पाठ करून बसा. कार्ड डोक्यावर धरा, तिला दिसेल असं. तुम्ही बघायचं नाही."

"मग मला कसं कळणार, काय आहे ते?"

"तेच तर म्हणतेय! ती सांगेल."

परीक्षकाने तिच्याकडे बघितलं, तक्त्याकडे बघितलं आणि सुस्कारा टाकून खुर्ची फिरवली. मावशीने कार्डं पत्त्यांसारखी पिसून त्याच्या हातात दिली. मग भिंगरीला म्हणाली, "त्यांना दिसत नाहीये गं. सांग त्यांना."

"हे काय आहे?" परीक्षकाने विचारलं. या वेळी त्याला खरंच माहीत नव्हतं.

"शिडी," भिंगरी लगेच म्हणाली. "वरून तिसरी पायरी मोडलीय. चढू नका."

पुढचं कार्ड. "बदक. पण पाय चुकलेत. बदकाच्या बोटांमध्ये कातडी असते, नाहीतर ते पोहणार कसं?"

पोरीचा पट्टा सुरू झाला तो थांबेना. एका कार्डाशी मात्र ती अडली. "हे मलाही नाही माहीत. तुम्हीच बघून सांगा."

परीक्षक वळला. "टाइपरायटर. पूर्वी याच्यावर पत्रं लिहायचे."

"बरं. आता परत विचारू नका हं. आता दोघांनाही माहीत आहे."

तो खो खो हसला. हसता हसताच त्याने जुन्या तक्त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: मुलीचा वर्ग बदलू नये. चाचणी बदलावी.

बाहेर आल्यावर मावशी जिन्याखालच्या खोलीपाशी थांबली. आनंद तर झालाच होता, पण त्याच्या आत कसलासा संताप धुमसत होता.

भिंगरीने तिचा हात धरला. "मावशी, तुझ्या वेळी पाठ करून कोण बसलं होतं?"

पोरीला खरंच माहीत नव्हतं. उत्तर देणं भाग होतं.

"कुणी नाही गं," मावशी म्हणाली.