शेपटीचं कुंकू

खंडेनवमीला हत्यारांना हात लावायचा नसतो, आणि नेमक्या त्याच दिवशी दुपारी परचुरेसाहेबांनी ते पत्र माझ्या हातात दिलं. साल त्र्याऐंशी. साजगावच्या आमच्या कारखान्याच्या शेठजींकडे एक हेलिकॉप्टर होतं आणि त्याचा मिस्त्री मी, श्रीपत. पत्र विमानखात्याचं. या बनावटीच्या हेलिकॉप्टरची शेपटीच्या पंख्याची पाती मुळाशी तडकतात, तपासल्याशिवाय पुढचं उड्डाण करू नये. तारीख अकरा दिवसांपूर्वीची.

"साहेब, हे इतके दिवस कुठं होतं?"

"टपालात राहिलं."

टपाल मॅनेजरच्या खणात असतं, आणि मॅनेजर परचुरेसाहेबच. माझं डोकं तापलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. शेठजी कामगारांच्या पाच पोरांना आकाशात फिरवणार होते. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, आणि शेड झाडणाऱ्या ठकूबाईच्या नातीचं, ठमीचं, नाव निघालं होतं. ठकूबाई आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत होती.

माझे पाने-पक्कड पाटावर झेंडूच्या फुलांत मांडलेले. मी पाना उचलला तसा जैतू टर्नर ओरडला, "अरं श्रीपत, आज नको! पूजेत हाय ना ते!"

"त्यांचं बरं आहे," साहेब म्हणाले, "ते मानत नाहीत."

वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात मानत नाही हे खरं. पण पाना उचलला तो त्यासाठी नव्हे.

भेग शोधायची रीत सोपी आहे. पात्यावर पातळ लाल रंग लावायचा, थोडा वेळ थांबून पुसायचा आणि वर पांढरी भुकटी फवारायची. भेग असेल तर आत शिरलेला रंग भुकटीवर उमटतो. मी सगळं केलं आणि वाट पाहिली. दुसऱ्या पात्याच्या मुळाशी नखाएवढी तांबडी रेघ उमटली.

"ते कुंकू आहे," साहेब म्हणाले. "सकाळी मीच पूजा केलीय. पुसा आणि सही करा."

मी पुसून पुन्हा सगळं केलं. रेघ त्याच जागी.

"तेलात कालवलेलं होतं, मुरलं असेल. श्रीपत, उद्या शेठजी सगळ्यांसमोर उभे राहणार आहेत. आमच्या सणात खोडा घालायचाय का तुम्हाला?"

मी पात्यावरची भेग दाखवत होतो आणि यांना माझी जात दिसत होती.

"मी सही करणार नाही, साहेब."

"नका करू. मुंबईहून दुसरा मिस्त्री येईल सकाळी. सही करणारे पुष्कळ मिळतात."

ठकूबाई इतका वेळ केरसुणी धरून ऐकत होती. ती पुढे आली.

"सायेब, शेपटीला कुकू तुमी लावलंच नाय."

"काय?"

"ताट माज्याच हातात व्हतं. शेपटीखाली चिखल व्हता. बूट भरतील म्हनून तुमी तोंडालाच लावून माघारी फिरलात."

साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. बूट लख्ख होते. ते शेठजींना फोन करायला गेले, आणि फेरी रद्द झाली.

"माज्या ठमीचं नाव व्हतं रं, श्रीपत," एवढंच ठकूबाई म्हणाली आणि झाडायला लागली.

दसऱ्याला ठमी नवा फ्रॉक घालून सोनं द्यायला आली. माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवून ती पातं उतरवलेल्या शेपटीकडे बघत राहिली.

"काका, परवा तं उडत व्हतं ना ह्ये?"

"हो."

"तवा कसं चांगलं व्हतं?"

ते पत्र खणात पडून होतं त्या दिवसांत चार उड्डाणं झाली. त्यातल्या दोन वेळा आत शेठजींच्या नाती होत्या. चारही सकाळी मी फडकं घेऊन त्याच पात्यावरून हात फिरवला होता, आणि 'उड्डाणास योग्य' असं लिहून खाली सही केली होती ती मीच.