तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

प्रोकिप गेल्याचं कळलं तेव्हा तेक्ला अंगणात आंबवायला घातलेल्या कोबीच्या पिंपावर दगड ठेवत होती. बातमी आणणाऱ्या शेजारणीला ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. कधी उचलणार?"

शेजारणीला वाटलं, चला, म्हातारीचं मन अखेर वितळलं. कसलं वितळतंय! तेक्लाने हात पुसले, पेटीतून काळा रुमाल काढला आणि त्याच्या घड्या मोडण्यासाठी तो खुर्चीच्या पाठीवर पसरून ठेवला. या दिवसाची वाट ती तरुण होती तेव्हापासून पाहत होती. प्रोकिपच्या आधी आपण मेलो तर, या धास्तीने तिने कितीतरी हिवाळे दात आवळून काढले होते.

सस्कॅचवानच्या या माळावर समुद्र ओलांडून गॅलिशियातून आलेल्या युक्रेनी लोकांनी घरं बांधली, चर्च बांधलं, आणि मयताची जुनी रीतही जशीच्या तशी सोबत आणली. शवपेटी अंगणातून हलण्याआधी चर्चचा गायक मेलेल्याच्या वतीने गावाची क्षमा मागतो. एकदा नाही, तीनदा. आणि तिन्ही वेळा जमलेल्यांनी म्हणायचं, "देव क्षमा करो." लोक ते सवयीने म्हणतात, जेवणाकडे डोळे लावून म्हणतात, पण म्हणतात. कुणी म्हटलं नाही तर तो माणूस ओझं घेऊन मातीत जातो, आणि अशा माणसाला माती धड आत घेत नाही. तेक्लाला नेमकं तेच हवं होतं. प्रोकिपला मातीने थुंकून टाकायला हवं होतं.

गावची दफनभूमी सुरू झाली ती तेक्लाच्या पोरीपासून. टेकाडावरची पहिली कबर हाफकाची. चार वर्षांची होती. तेव्हा चर्चही नव्हतं, पाद्रीही नव्हता. जमीन खणून त्यावर वाळक्या गवताचं छप्पर टाकलेली दोनच घरं होती, एक तेक्लाचं आणि एक पूर्वेला प्रोकिपचं. तेक्लाचा नवरा रेल्वेच्या कामावर गेला होता. पाऊस नसलेल्या त्या शरद ऋतूत पश्चिमेच्या टेकडीमागे धूर दिसला. गवताला लागलेली आग घोड्यापेक्षा जोरात धावते, पण अजून वेळ होता. तेक्ला पोती भिजवायला आणि गाय पाण्यात घालायला खाली ओढ्यावर गेली. पोर झोपलेली होती. झोपलेलं पोर कडेवर घेऊन भिजकी पोती ओढता येत नाहीत.

ओढ्यातून तिने वर पाहिलं. मोठी आग अजून टेकडीपलीकडेच होती, आणि तिच्या घराकडे ज्वाळा येत होत्या त्या पूर्वेकडून, प्रोकिपच्या बाजूने. आगीला आडवी आग लावतात, म्हणजे मधलं गवत आधीच जळून जातं आणि आपलं घर वाचतं. फक्त त्या मधल्या गवतात कुणाचं घर नाही ना, एवढं बघायचं असतं.

मग मोठी आगही आली आणि सगळं सारखंच काळं करून गेली. कोणती राख कुणाची, कोण सांगणार? टोपी हातात घेऊन उभ्या असलेल्या प्रोकिपला तिने विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आग उडून आली, तेक्ला." डोळ्याला डोळा भिडवला नाही त्याने, तेव्हा नाही आणि नंतर कधीच नाही. दर शरदात आग अडावी म्हणून तो आधी तिच्या घराभोवती नांगराचे तास मारायचा आणि मग स्वतःच्या. ती दारात उभी राहून बघायची आणि म्हणायची, "नांगर, नांगर. पाप नांगरून निघतंय का बघ." प्रोकिप बैल वळवायचा आणि पुढचा तास धरायचा. तिचा नवरा लवकर गेला, गाव वाढलं, नव्या लोकांनी तेक्लाला तिरसट म्हातारी ठरवून टाकलं.

आणि त्याची बायको वार्वारा? ती बिचारी फार चांगली, असं तेक्लाच सांगायची. पोर गेली तेव्हा वार्वाराने तेक्लाला न्हाऊ घातलं होतं, चमच्याने रस्सा भरवला होता. पुढे ईस्टरचे पाव दोघी मिळून भाजायच्या. कणीक मळता मळता तेक्ला प्रोकिपचा उद्धार करायची, त्याच्या सात पिढ्या काढायची, आणि वार्वारा खाली मान घालून ऐकून घ्यायची. किती सोशिक बाई, तेक्लाला वाटायचं, असल्या नवऱ्याशी संसार केला!

मयताच्या दिवशी अंगण भरून गेलं होतं. पेटी दोन बाकांवर होती. उशाशी वार्वारा बसली होती, शेजारी तिची तिन्ही मुलं. थोरला इल्को मळणीयंत्राचा मालक, मान बैलासारखी. पाद्री दुसऱ्या गावात अडकल्यामुळे सगळं गायक ओनुफ्रीवर आलं होतं आणि त्याला ते आवडलेलं दिसत होतं. त्याने खाकरून सुरुवात केली.

"बंधूंनो, भगिनींनो, प्रोकिपने कुणाला शब्दाने, हाताने, कळत नकळत दुखावलं असेल, तर त्याला क्षमा करा."

"देव क्षमा करो," अंगण म्हणालं.

"नाही," तेक्ला म्हणाली.

लोकांनी माना वळवल्या. ओनुफ्रीने ऐकूच आलं नाही असं दाखवलं आणि आवाज चढवून पुन्हा तेच विचारलं. पुन्हा सगळे म्हणाले, पण या वेळी जरा चाचरत.

"माझ्याकडून नाही," तेक्ला पुढे येत म्हणाली. "माझी हाफका कुणी जाळली, ते आधी या अंगणात बोला. मग बघू."

"मावशी, शोभतं का हे?" इल्को उसळला. "बाप पडलाय समोर!"

"माझी पोर पडली होती तेव्हा तुझा बाप उभा होता. टोपी फिरवत."

"आग लागली त्याला काय तो जबाबदार? म्हातारपणी डोकं फिरलंय तुमचं."

"फिरलं ना! मग फिरलेल्या बाईचं कशाला मनावर घेता? न्या उचलून. बघू कोण पहिला हात लावतो ते."

कुणीच लावेना. पेटी उचलणारे एकमेकांच्या बुटांकडे बघू लागले. मागून एक म्हातारा पुटपुटला, "पुरे ना गं तेक्ला आता, थंडी वाजतेय."

"तुला थंडी वाजतेय, दिमित्रो? माझ्या पोरीला त्या दिवशी नव्हती वाजत."

तेक्लाला आत गरम वाटलं, बरं वाटलं. खोटं कशाला बोला? इतक्या वर्षांत इतकं बरं तिला कधीच वाटलं नव्हतं.

ओनुफ्रीच्या कपाळाला घाम आला होता. तिसऱ्यांदा विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याने कसेबसे शब्द उच्चारले. या वेळी अंगणातून एकही आवाज आला नाही. सगळे तेक्लाकडे बघत होते. तिने तोंड उघडलं.

"त्याने नाही लावली," वार्वारा म्हणाली.

ती पेटीला धरून उभी राहिली होती. "तो खालच्या शेतात बैल आणायला गेला होता. मी लावली. चुलीतलं लाकूड नेऊन मी लावली. तो आला तेव्हा सगळं झालं होतं. म्हणाला, तू तोंड उघडू नकोस, मी बघतो."

"आई!" इल्को म्हणाला.

"गप्प बस. आयुष्यभर ऐकून घेतलं त्याने माझ्यासाठी. तसाच ओझं घेऊन मातीत जाऊ देऊ का?"

तेक्ला उभी होती तिथेच राहिली. चमच्याने भरवलेला रस्सा तिला आठवला. कणीक मळताना आपण काय काय बोललो आणि कुणापुढे बोललो, ते सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं.

"हाफका घरात आहे, हे तुला माहीत होतं?"

वार्वारा नाही म्हणाली असती तर कुणी खोटं पाडलं नसतं.

"माहीत होतं," ती म्हणाली. "माझी तिघं दारात रडत होती, तेक्ला."

तेक्लाने त्या तिघांकडे पाहिलं. जाड, धडधाकट, केस पांढरे व्हायला लागलेली माणसं. मग ती पेटीपाशी गेली. प्रोकिपचा चेहरा मेल्यावरही खालीच बघत असल्यासारखा होता. नांगरणाऱ्या त्या पाठीवर तिने केवढ्या शिव्या घातल्या होत्या! तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही.

"देव क्षमा करो," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना तिने त्याच्या थंड हातावर हात ठेवला. "आणि तूही मला कर, बाबा. न्या रे याला."

पेटी हलली. वार्वारा गुडघ्यांवर बसली आणि तिने तेक्लाच्या घागऱ्याचा काठ दोन्ही मुठींत धरला. "मलाही कर, तेक्ला. आता सगळ्यांसमोर मागते."

"ऊठ."

"कर गं. मी आता किती दिवसांची?"

"रीत मेलेल्यांची आहे," तेक्ला म्हणाली आणि तिने काठ सोडवून घेतला. "तुझी वेळ आली की येईन मी. पुढेच उभी राहीन. तुझ्यासाठीही तीनदाच विचारतील."

टेकाडावर ती गाडीत बसून गेली, प्रोकिपच्या कबरीत माती टाकली, आणि मग जेवणाला बसून तिने कोबीची गुंडाळी दुसऱ्यांदा मागून घेतली. त्या हिवाळ्यापासून ती लोकरीचे दोन दोन मोजे घालू लागली. बर्फावर काठीवाचून पाऊल टाकीना, शिंक आली तरी छातीला चरबी चोळून घेई. आणि दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर वार्वाराला गाठून, अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारी, "काय गं, तब्येत कशी आहे?" वार्वारा तिच्याहून चार वर्षांनी मोठी होती. तेक्लाला आता आधी मरून चालणार नव्हतं.