नैवेद्याचं नाक

"शनिवारी जेवायला या, वाईन माझ्याकडे!" अशी फुशारकी शैलेंद्रने मारली होती, तीही लेकीच्या होणाऱ्या सासऱ्यांसमोर. सासरे फ्रँको द्राक्षाच्या मळ्यातच लहानाचे मोठे झालेले. शैलेंद्रची सगळी तयारी मात्र पुण्यातल्या बिअरची, तीही चोरून प्यायलेली. यामिनी हवालदिल झाली. "बाबा, प्लीज, डोन्ट एम्बॅरस मी. ते काही बोलणार नाहीत, नुसते पोलाइट हसतील." त्या हसण्याचीच तिला धास्ती होती.

म्हणून शुक्रवारी रजा टाकून नवरा-बायको आपल्या क्रेगीबर्न उपनगरातून तीन तासांवरच्या, डोंगराच्या कुशीतल्या एका वाइनरीत पोचले. सप्टेंबर, म्हणजे तिथला वसंत, उजाडला तरी समोरच्या शिखरांवर बर्फ होतं. गाडी नीलिमाने चालवली होती, परतीलाही तीच चालवणार होती.

काउंटरवरच्या जॉर्जियाने सात ग्लासांत थोडी थोडी वाईन ओतली आणि शेजारी एक भांडं ठेवलं. "चव घेऊन उरलेली यात ओता, मेट. नो वरीज."

ओता? पानात शीत टाकलं तरी आईचा धपाटा खाल्लेला माणूस तो! त्याने पहिला ग्लास संपवला, मग दुसरा. पाचव्यापर्यंत सगळ्याच वाईन अप्रतिम लागायला लागल्या आणि सातव्याला त्याने जॉर्जियाला थेट लग्नाचं आमंत्रण देऊन टाकलं.

"मग घ्यायची कुठली?" नीलिमाने विचारलं.

"सगळ्याच छान गं." मग त्याचा चेहरा पडला. "निलू, मला काहीच कळत नाहीये. पोरीची लाज काढणार मी."

"सरक बाजूला," नीलिमा म्हणाली. तिने सातही वाईन पुन्हा ओतायला सांगितल्या आणि एकेक ग्लास नुसता नाकाशी धरला. ओठ लावला नाही. देवाआधी चाखायचं नसतं, म्हणून पंचवीस वर्षं गणपतीच्या नैवेद्याच्या आमटीतलं मीठ ती वासावरूनच ओळखत आली होती. चौथ्या ग्लासपाशी ती थांबली. "हिला लिंबाच्या सालीचा वास आहे, मागून जरासा मधाचा. उद्याच्या भरल्या वांग्यांशी हीच जमेल."

जॉर्जियाच्या भुवया वर गेल्या. "ती आमची रीसलिंग, व्हाइट वाईन. सगळ्यात उंचावरच्या, थंड मळ्यातली."

शनिवारी फ्रँको मुलाला घेऊन आले. त्यांनी वांग्याचा घास घेतला, वर वाईनचा घोट घेतला आणि ग्लास उजेडाकडे धरून पाहिला. यामिनीने ताटावर मान खाली घातली.

फ्रँकोंनी ग्लास रिकामा करून पुढे केला. "मोर, प्लीज. ही निवडली कोणी?"

इंटरनेटवरून पाठ केलेलं अख्खं भाषण शैलेंद्रच्या ओठांवर होतं. त्याने ते गिळलं. "माय वाइफ. एक थेंबही न चाखता."

"न चाखता?" फ्रँको हातातला काटा ठेवून उठले आणि त्यांनी स्वतः नीलिमासाठी ग्लास भरला. यामिनी आता खुदखुदत होती. नीलिमाने आधी फ्रँकोंच्या ताटाकडे पाहिलं. वांगी संपली होती.

"पाहुणे जेवले ना? मग आता हरकत नाही," म्हणत तिने आयुष्यातला वाईनचा पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले.

"हं," ती म्हणाली. "वासाला जागली."