चौकट राणी

आमच्या यांना मित्र ‘मिनिट’ म्हणायचे. कुणी हाक मारली की डोळ्याला लावलेलं भिंग न काढता हे म्हणत, “एक मिनिट!” आणि ते मिनिट अर्ध्या तासाचं असे. पुढे घड्याळ दुरुस्तीचं दुकान, मागे आमची खोली. रविवारी दुपारी त्या खोलीत चौघांचा पोकरचा डाव बसे. हे, मी, समोरचे बेकरीवाले आणि नगरपालिकेचे हेडक्लार्क. पैसे लावायचे नाहीत हा माझा नियम. पैशांऐवजी जुन्या घड्याळांची पितळी चाकं. हरणाऱ्यानं कपबश्या विसळायच्या, आणि हेडक्लार्कांनी विसळलेल्या बश्या मला पुन्हा विसळाव्या लागत.

पोकर मला यांनीच शिकवला, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी. प्रत्येकाला दोन पानं झाकून, आणि टेबलावर पाच उघडी, सगळ्यांच्या सामाईक मालकीची. या सातांतून ज्याची पाच पानं सगळ्यांत भारी, तो जिंकला. पाचवं पान उघडलं की नवीन काही यायचं राहत नाही. उरतं ते एवढंच, की किती लावायचं आणि समोरच्याला काय वाटू द्यायचं. त्या शेवटच्या पानाला रिव्हर म्हणतात.

माझी एक खोड होती. हातात चांगली पानं आली की मी विचारायची, “चहा टाकू का?” झालं, तिघंही पटापट पानं टाकून मोकळे! बेकरीवाले म्हणायचे, “वहिनी, तुम्ही चोर असतात तर घंटा वाजवून घरात शिरला असतात.” ती खोड मोडायला मला दहा वर्षं लागली.

मी सांगतेय त्या वर्षी यांनी त्रेसष्टी ओलांडली होती. दुरुस्त केलेली घड्याळं परत यायला लागली होती. कुणाचा काटा तिरका बसलेला, कुणाचा स्क्रू सैल. यांनी दुकानातला दिवा तीनदा बदलला. मी डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, “माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?” मी गप्प बसायची. पण त्या रविवारी मला गप्प बसवत नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी हे नगरपालिकेच्या मनोऱ्यावर चढणार होते. तिथल्या मोठ्या घड्याळाची देखभाल बावीस वर्षं यांच्याकडे होती. एकसष्ट पायऱ्या, आणि वर लोखंडी शिडी. काम दर वर्षी हेडक्लार्कांच्या सहीनं मिळे. त्या घड्याळाचा यांना किती अभिमान! बाजारात चालता चालता वर बघून खिशातलं घड्याळ काढायचे आणि मला म्हणायचे, “बघ, ऐकतंय ना माझं?”

तर त्या दुपारी माझ्या हातात आली इस्पिक राजा आणि इस्पिक नश्शी. टेबलावर आधी बदाम राजा, किल्वर नश्शी, चौकट नश्शी. मग बदाम चौकी. तीन नश्श्या आणि दोन राजे, म्हणजे फुल हाउस. असला हात वर्षातून एकदा येतो. मी जीभ चावून चहा आवरला. बेकरीवाले आणि हेडक्लार्क पानं टाकून बाजूला झाले. उरलो आम्ही नवराबायको.

हेडक्लार्कांनी शेवटचं पान उघडलं. चौकट राणी.

हे पुढे वाकले, डोळे बारीक केले, मागे टेकले. आणि आपली दोन पानं उपडी ठेवून त्यांच्या कडा बोटांनी अगदी जुळवून घेतल्या. इतक्या वर्षांत असं यांनी फक्त फ्लश लागल्यावर केलं होतं, पाचही पानं एका चिन्हाची असल्यावर. पण टेबलावर बदाम दोनच होते आणि चौकट दोनच. फ्लश कुणालाच लागणं शक्य नव्हतं. यांनी चौकट राणीला बदाम राणी समजलं होतं.

“दहा,” हे म्हणाले, आणि दहा चाकं पुढे सरकवली.

एरवी मी काय केलं असतं ते सांगते. अजून पाचच वर चढवली असती, जिवावर आल्यासारखं तोंड करून. एवढ्या भारी हाताला घाई करायची नसते, समोरच्याला हळूहळू सोलायचं असतं. यांनी हसत हसत भरली असती. मग पानं दाखवायची वेळ आली असती, आणि यांनी मोठ्यानं म्हटलं असतं, “फ्लश!” हेडक्लार्कांच्या समोर.

मी पानं टाकून दिली असती तरी तेच. जिंकले की हे कुणी न विचारता पानं उलटून दाखवायचे. पानं झाकलेली राहायची तर ती यांनी स्वतःहून टाकायला हवी होती. आणि फ्लश लागलाय असं समजणारा माणूस सहजासहजी पानं टाकत नाही.

मी माझी सगळी चाकं दोन्ही हातांनी पुढे ढकलली.

“सगळी?” हेडक्लार्क खुर्चीत सावरून बसले.

“सगळी. चहा टाकू का?”

बेकरीवाले खो खो हसले. “मिनिट, पळा! घंटा वाजली!”

हे हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. “मुद्दाम म्हणतेयस.”

“चहा हवाय की नको, तेवढं बोला.”

“दहा वर्षांत विचारला नाहीस, आणि आज नेमका?”

“आज तल्लफ आली.”

सगळी चाकं लावून मी यांना कधीच थाप मारली नव्हती, आणि ते यांना ठाऊक होतं. टेबलावर नश्श्यांची जोडी यांनाही दिसत होती, आणि जोडी असली की फ्लशवर मात करणारं फुल हाउस कुणाच्याही हातात असू शकतं. बोटं पानांच्या कडांवरून दोनदा फिरली. शेवटी पानं उपडीच गड्डीत सारून हे म्हणाले, “टाक बाई चहा. साखर नीट घाल, माझं फार नुकसान झालंय.”

मी आधी गड्डी पिसली, मग चहाला उठले.

पाहुणे गेल्यावर यांनी विचारलं, “फुल हाउस होतं ना?”

“होतं.”

“मग मला हाकललंस का? मी भरली असती. असं शिकवलं होतं का तुला?”

मी गड्डीतून दोन राण्या काढल्या, यांचा हात धरून खिडकीशी नेलं आणि चौकटची पुढे केली. “ही कोण?”

“बदाम राणी. काय हे?”

मग खरी बदामची तिच्याशेजारी धरली. यांनी दोन्ही पानं नाकापाशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

“त्यांच्या लक्षात आलं?”

“नाही.”

“म्हणून सगळी लावलीस होय?” यांनी दोन्ही राण्या माझ्या हातात ठेवल्या. “वेडी गं वेडी. फुल हाउस वाया घालवलंस माझ्यापायी.”

“उद्या शिडी चढू नका. हेडक्लार्कांना मी निरोप धाडते, सर्दी झालीय म्हणून.”

“सर्दी नको.” हे खुंटीवरचा कोट काढू लागले. “बेकरीपर्यंतच गेले असतील. मीच सांगतो, डोळे दाखवून येईपर्यंत थांबा म्हणावं. माझ्या तोंडून कळलेलं बरं. आणि तू डॉक्टरची वेळ घे. रविवार सोडून कुठलीही.”

कोटाची गुंडी चुकीच्या काजात गेली होती. मी ती सोडून नीट लावली, आणि चपला पायांत सरकवून यांच्याबरोबर निघाले.