वरच्या मजल्यावरची अंघोळ

"पंखा बसवल्यावर बाहेरचा आवाज आत येईल काय रं?"

इंदूबाईंनी असं विचारल्यावर झाकीरने हातातला पंखा काउंटरवर ठेवला. कर्जतच्या बाजारात त्याचं विजेच्या सामानाचं दुकान. बाथरूमला एक्झॉस्ट घ्यायला येणारी माणसं गॅरंटी विचारायची, गंजेल का विचारायची. हा प्रश्न त्याला नवा होता.

"मावशी, लोक आतला आवाज बाहेर जाईल का ते विचारतात. तुमचं उलटंच."

"तू सांग ना."

"नाय येणार. चालू असला तर मोटरचाच आवाज. बंद केला की मागच्या झडपा मिटतात. कबुतरं, झुरळं आत येऊ नयेत म्हणून."

"बिनझडपांचा नाय काय?"

"हाय, लोखंडी. पण भोक तर तोही भरणारच. समोर जाळी, मागे पाती, मध्ये मोटर. त्यातनं काय ऐकू येणार तुमाला?"

शेजारी इंदूबाईंचे यजमान उभे होते. हिरामण मिस्त्री. जन्मभर विहिरींवरचे पंप दुरुस्त केले, त्यामुळे जगात फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर त्यांचं मत असायचं. पंख्याची पाती बोटाने फिरवून ते म्हणाले, "हा पण पंपच हाय. पाण्याच्या जागी हवा खेचतो एवढंच."

झाकीरने मान डोलावली. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? इंदूबाईंचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. झडपा बोटाने उघडत, सोडून देत त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. झडपा आपोआप मिटत होत्या, अगदी घट्ट.

"दे," त्या शेवटी म्हणाल्या. "झडपांचाच दे. उद्या बसवून जा."

इंदूबाई पोशीरच्या. लग्न होऊन भिसेगावात आल्या आणि बाळंतघरांतून बाळांना अंघोळ घालायला जाऊ लागल्या. पाटावर बसून पाय लांब करायचे, नडग्यांवर पोर पालथं घालायचं, तेल जिरवायचं, कोमट पाण्याची धार धरायची आणि शेवटी ओवा-शेपाची धुरी द्यायची. भिसेगावातली निम्मी पोरं त्यांच्या पायांवरून उतरलेली. त्यातली काही आता बुलेट उडवत जातात आणि इंदूबाई दिसल्या की उगाच लाजतात. कमरेखालची सगळी खबर असलेल्या बाईसमोर रुबाब तरी किती करणार?

आणि याच बाईला सख्ख्या नातवाला हात लावायला बंदी झाली.

झालं ते असं. रुद्र अगदी तान्हा होता. वारा लागू नये म्हणून इंदूबाईंनी बाथरूमचं दार लावलं, दाराखालच्या फटीत चिंधी कोंबली, वरच्या व्हेंटिलेटरलाही टॉवेल लावला आणि निखाऱ्यांवर ओवा टाकला. हे सगळं त्यांनी शेकडो पोरांना केलं होतं, पण ते कौलांच्या घरांत. कौलांतून धूर आपसूक निघून जायचा. वर स्लॅब आहे, हे त्या दिवशी हातांना आठवलं नाही. रुद्र खोकला, मग त्याचं रडणंच थांबलं. माधवीने, म्हणजे सुनेने, दार ढकललं तेव्हा पोराचे ओठ निळे पडले होते. दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. पोर वाचलं.

माधवी एका शब्दानेही बोलली नाही. भांडली असती तर इंदूबाईंना सोपं गेलं असतं. वरच्या मजल्यावरचं घर रिकामं झालं, तेव्हा ती आणि इंदूबाईंचा मुलगा किरण बाळाला घेऊन तिथे राहायला गेली. बिल्डिंगीतल्या बायकांना गंमत वाटली. रागावून गेली ती एक जिना चढून गेली. पण तो एक जिना इंदूबाईंना राजमाची गडाच्या चढासारखा झाला. येता-जाता माधवी थांबायची, "रुद्र, आजी बघ," म्हणायची. रुद्र बघायचा. इंदूबाई हात पुढे करायच्या नाहीत आणि माधवी पोर पुढे करायची नाही.

त्यांना उरला होता फक्त तो व्हेंटिलेटर. दोन्ही बाथरूमं एकाच डक्टवर, पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, उघडायची. रोज सकाळी वर टब भरला की इंदूबाई खाली धुणं घेऊन बसायच्या आणि नळ बंद करायच्या. टबात पाय आपटल्याचा आवाज यायचा. माधवीच्या मोबाइलवर कसलं तरी गाणं लागलेलं असायचं. मग डोक्यावर पाणी पडलं की रुद्रचा श्वास अडकायचा आणि तो किंचाळायचा.

"कपाळावर हात आडवा धर गं," इंदूबाई पुटपुटायच्या. "डोळ्यात जातंय त्याच्या."

वर ते ऐकू जाऊ नये एवढंच त्या जपायच्या. नातवाच्या अंघोळीतला तेवढाच वाटा त्यांचा होता आणि तो त्यांनी एक दिवसही चुकवला नाही.

परवा जिन्यात किरण बोलून गेला, "आई, आपल्या बाथरूमला हवाच नाय गं. माधवीला तीच भीती बसलीय." त्याला वाटलं, आईला वाईट वाटलं असेल. इंदूबाईंना तर दार किलकिलं झाल्यासारखं वाटलं. हवेचीच अडचण असेल तर हवा करता येते. फक्त ती करायला भिंतीत भोक एकच होतं, त्या व्हेंटिलेटरचं.

झाकीर आला, त्याने काचेच्या पट्ट्या काढल्या, पंखा बसवला, कडेने सिमेंट भरलं. मिस्त्री खालून सूचना देत होते आणि तो "हो काका, हो काका" म्हणत आपल्याच पद्धतीने काम करत होता. जाताना म्हणाला, "मावशी, दाराखालची ती चिंधी काढा. आत हवा आली तरच हा बाहेर फेकणार. नायतर नुसताच फिरंल."

इंदूबाईंनी चिंधी काढली. बाळांना वारा लागू नये म्हणून जन्मभर फटी बुजवलेल्या बाईने ती स्वतःच्या हाताने ओढून काढली आणि कचऱ्यात टाकली.

संध्याकाळी किरण कंपनीतून आला तो आधी खालीच आला. जाळीला कागद लावून बघितला. कागद चिकटून राहिला. "मस्त खेचतोय की," तो म्हणाला. "सांगतो तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूबाई धुणं घेऊन बसल्या. पंखा बंद, झडपा मिटलेल्या. वर अंघोळ चालू असणार. त्यांनी कान लावला, श्वास रोखला. काहीच नाही. रुद्र हसला का रडला, आज त्यांना कळलं नाही. बादलीतल्या पाण्यात हात तसेच बुडवून त्या बसून राहिल्या.

दुपारी माधवी स्वतः खाली आली. एकटीच आली. पंखा चालू करून बघितला, बंद केला.

"चांगला बसवलात, आई. पण माझं मन अजून होत नाही. तुमच्यावर राग नाही माझा. त्याला तसं निळं पडलेलं बघितलंय ना मी."

"मी पण बघितलंय गं," इंदूबाई म्हणाल्या. "मन हुईल तवा आण. घाई नाय."

माधवीचे डोळे भरले. तेवढ्यात वर झोपलेला रुद्र उठून रडल्याचं उघड्या दारातून ऐकू आलं आणि ती जिना चढून गेली.

मिस्त्री आतून सगळं ऐकत होते. तोंडाने कितीही मोठे असले तरी बायको रोज सकाळी नळ बंद करून का बसते, हे त्यांना केव्हाच कळलं होतं. त्यांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि बाथरूममध्ये स्टूल नेऊन ठेवलं.

"काय करता?"

"काढतो हा पंखा. पोर खाली येत नाय ते नाय, तुला ऐकू तरी येईल."

"काढू नगा."

"अगं, कशाला ठेवायचा मग?"

इंदूबाईंनी पदराने हात पुसले. "उद्या-परवा तिचं मन झालं, पोराला घेऊन खाली आली, आन् हितं पंखाच नसला तर? दारातनंच परत जाईल ना ती."

 मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला, ते स्टुलावर चढले आणि खांद्यावरच्या पंच्याने पंख्याची जाळी पुसू लागले. पंखा कालच बसवलेला, त्यावर धूळ कुठून असणार? इंदूबाईंनी खालून स्टूल धरलं.