खालची कड

चिमणी वर्षाची होत आली तरी बाहेरच्या खोलीत तिचा एकही फोटो नाही, म्हणून सासूबाईंनी फ्रेम आणली. चार बाय सहाची, पांढरी. सून लगेच म्हणाली, "फोटो मी निवडते."

निवडायचं काय होतं म्हणा! दोघांचा मिळून एकच फोटो होता. नर्सनं जुळ्यांना एकदाच काचेच्या पेटीत शेजारी शेजारी निजवलं, तेव्हाचा. पलीकडे टोपीतली चिमणी, अलीकडे काचेला लागून तिचा भाऊ, लहानगा, आणि खालच्या कडेशी त्याचा उघडा पंजा. लहानगा घरी आलाच नाही. तो पंजा फोटोत पुरा यावा, एवढंच तिचं म्हणणं.

नवरा बिचारा कामावरून येताना फोटोपेपरचं पाकीट घेऊन आला. फोटो छापला, पण फ्रेममध्ये जाईना. तिनं पाकीट उलटंपालटं केलं.

"अरे, हा ए-सिक्स आहे. चार बाय सहा नाही."

"अगं, दोन-तीन मिलिमीटरचा तर फरक. नोटा छापतोय का आपण?" म्हणत त्यानं कात्री घेतली आणि खालून बारीकशी पट्टी उडवली. फोटो चपखल बसला. ती मात्र टेबलावर पडलेली पट्टी उचलून बघत राहिली. पट्टीवर बोटांची टोकं होती.

"माझं लक्षच नाही गेलं गं," एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानात होती नव्हती ती सगळ्या मापांची पाकिटं आणून तिच्यापुढे ठेवली.

खरा चार बाय सहा घेतला, तरी पडद्यावर पंजा अर्धाच. मोबाइलचा फोटो उंचीला जास्त, कागद लांबीला जास्त. कडेपर्यंत भरायचा तर वरून नाहीतर खालून कापणं आलंच. फोटो वर सरकवला की पंजा यायचा, पण चिमणीची टोपी जायची. खाली सरकवला की टोपी यायची, पंजा जायचा. ती वर-खाली, वर-खाली करत बसली. दवाखान्यातही असंच व्हायचं. एकीजवळ बसलं की दुसऱ्याकडे पाठ.

सासूबाई चिमणीला खांद्यावर घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. "कशाला उगाळत बसतेस? हिचा एकटीचा छाप की. आहे त्या लेकराकडे बघावं माणसानं."

"तिच्याकडेच बघते हो आई, दिवसभर. झोपली की नाकापाशी बोट धरून बघते."

सासूबाईंनी खाली वाकून कचऱ्याच्या डब्यातून काल कापलेला, सुनेनं फ्रेममधून काढून टाकलेला फोटो काढला. चष्मा कपाळावर सारून डोळ्यांशी नेला.

"याची बोटं कुठायत?"

"कापताना गेली."

"मग हा नाही लावायचा." त्यांनी तो टेबलावर पालथा ठेवला. "माझ्या नातवाला असा नाही लावायचा. मोठा कागद नाही का मिळत?"

"आहे ना. सहा बाय आठ केला तर काहीच कापावं लागत नाही. ए-फोरवर छापून बाजूचं पांढरं काढायचं. पण तुमची फ्रेम..."

"फ्रेम गेली खड्ड्यात."

प्रिंटर घरघरत राहिला. आधी टोपी आली, मग लहानग्याचं कपाळ, सगळ्यात शेवटी पंजा. पाची बोटं. त्याखाली रुंद पांढरी जागा. सासूबाईंनी फूटपट्टी धरली, तिनं कात्री उघडली, पंजाच्या खाली आणली आणि तशीच थांबली.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "कापू नकोस. आहे तसाच लावू."

खांद्यावरून चिमणीनं फोटोकडे हात टाकला. तिचा पंजा आता केवढा झाला होता! शाई ओली होती. चिमणीच्या आईनं तो हात आपल्या मुठीत धरून ठेवला, शाई वाळेपर्यंत.